केसांची लांबी आणि उसने माप : आफ्रिकी साहित्याच्या वाचनातील एक प्रश्न

१

ओकोट प्'बिटेक यांच्या 'साँग ऑफ लाविनो' (१९६६) या दीर्घकाव्याच्या पाचव्या विभागात भारतीय वाचकाला थबकावयास लावणारी एक उपमा आहे. उत्तर युगांडातील आचोली समाजाची नायिका लाविनो तेथे निरनिराळ्या लोकांचे केस एकेक करून न्याहाळते : आचोलींचे, अरबांचे, गोऱ्या स्त्रियांचे आणि त्याच ओघात भारतीयांचेही. भारतीयांचे केस पाहून तिला घोड्याची शेपटी आठवते, घायपाताचे दोर आठवतात. नागिणीसारखी वेणी आणि मेघासारखा केशकलाप या उपमानांवर ज्याची रसिकता पोसली आहे, त्या वाचकाला ही उपमा प्रथम विनोदी व नंतर किंचित बोचरी वाटते. परंतु लाविनोला येथे कोणाचा उपहास करावयाचा नाही. युगांडाच्या लहानमोठ्या गावांतून भारतीय दुकानदारांची कुटुंबे तिच्या शेजारीच राहत होती. (१९७२ साली इदी अमीनच्या राजवटीने त्यांना देशाबाहेर काढले, काव्य त्यापूर्वीचे आहे.) शेजाऱ्याचे केस ती जसे दिसले तसे सांगते. ज्याचे केस ज्या जातीचे, त्याने त्यांची निगाही त्याच रीतीने करावी, एवढेच तिचे म्हणणे आहे.

या विभागातील तिचा खरा रोख सवतीवर, क्लेमेंटाइनवर आहे. क्लेमेंटाइन तापलेल्या लोखंडाने केस सरळ करते आणि लाविनो त्या क्रियेचे वर्णन चुलीपाशी वापरावयाच्या क्रियापदांनी करते. तिच्या दृष्टीने ते केस विंचरलेले नाहीत, शिजविलेले आहेत. ते ओढून ताणून लांब दिसावेत अशी त्यामागील धडपडही तिच्या नजरेतून सुटत नाही.

आपल्याकडील विद्यापीठांतून हे काव्य शिकविले जाते तेव्हा या भागाचा अर्थ बहुधा एका सूत्रात बसविला जातो. आखूड व कुरळे केस म्हणजे अस्सल आफ्रिका, लांब केस म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण. हे सूत्र सोयीचे आहे, आणि ते चुकीचे आहे. लाविनोचा आक्षेप लोखंडावर आहे, ओढण्यावर आहे. केस वाढविण्यावर नाही. तिच्या स्वतःच्या केसांना तेल लागते, नृत्याच्या रात्री त्यांची एक रचना होते, घरात मृत्यू घडला म्हणजे ते तसेच सोडून दिले जातात. केसांची निगा हा तिच्या जगातील एक पूर्ण व्यवहार आहे. लांब केसांची आवड आफ्रिकेला बाहेरून मिळालेली नाही. बाहेरून आले ते लांबी मोजण्याचे माप. हा भेद न केल्यास आफ्रिकी स्त्रीच्या केसांविषयीचे साहित्य, आणि त्यामागील फार मोठा लोकव्यवहार, दोन्ही उलटे वाचले जातात.

२

मापाचा प्रश्न मराठी भाषेपासूनच पाहिला तर अधिक स्पष्ट होईल. मराठीत लांब केस 'रुळतात', 'सुटतात', 'मोकळे सोडले जातात'. ते कमरेपर्यंत येतात, गुडघ्यापर्यंत पोहोचतात. ही सारी वर्णने खालच्या दिशेने जाणारी आहेत. लांबी म्हणजे केस किती खाली आले ते, हे गृहीतक इतके मुरलेले आहे की ते गृहीतक आहे हेच लक्षात येत नाही. मात्र त्याच भाषेत 'केशसंभार' हा शब्दही आहे आणि त्या संभारात भार आहे. 'खोपा' हा शब्द आहे. तो पाखराच्या घरट्यालाही लागतो आणि डोक्यावरील केसांच्या बंधालाही. म्हणजे केसांचे वजन आणि केसांचे बांधकाम या कल्पना मराठीला परक्या नाहीत; कवितेने त्यांना मागच्या रांगेत बसविले इतकेच.

आफ्रिकेतील अनेक भाषांत त्या पुढच्या रांगेत आहेत. सिएरा लिओनमधील मेंदे समाजाच्या स्त्रीसौंदर्यकल्पनेवर सिल्व्हिया आर्डिन बून यांनी लिहिलेला ग्रंथ ('रेडिअन्स फ्रॉम द वॉटर्स', १९८६) या बाबतीत फार उपयोगी आहे. मेंदे दृष्टीला स्त्रीचे केस लांब हवे असतात आणि दाटही. त्यांच्या स्तुतीसाठी वापरला जाणारा शब्द विपुलतेचा आहे, 'पुष्कळ असणे' या अर्थाचा. केसांची वाढ आणि भूमीवरील वनस्पतींची वाढ यांचे नाते तेथे मनात धरलेले असते. रान आपोआप माजते, शेत मात्र राखावे लागते. त्याचप्रमाणे वाढलेले परंतु न राखलेले केस हे वेडाचे किंवा मोठ्या दुःखाचे लक्षण ठरते. सांदे या स्त्रीसंस्थेच्या विधींत स्त्रिया स्वतः धारण करतात त्या काळ्या लाकडी मुखवट्यांवर चेहरा लहान आणि केशरचना मोठी कोरलेली असते. एका स्त्रीने दुसरीची वेणी घालून देऊ करणे हा तेथे स्नेहाचा व्यक्त प्रकार आहे. यांतील एकही गोष्ट युरोपकडून शिकलेली नाही.

नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबांकडे पाहिले तर दिशाच बदलते. योरुबा विचारात डोके, म्हणजे 'ओरी', हे व्यक्तीच्या नियतीचे स्थान आहे, आणि म्हणून डोक्यावर हात ठेवण्याचा अधिकार सहजासहजी कोणाला मिळत नाही. वेणी घालणाऱ्या स्त्रीला 'ओनिदिरि' म्हणतात. नदीदेवता ओशुन ही स्वतः वेणी घालणारी आहे आणि मण्यांनी सजविलेली फणी हे तिचे लेणे आहे. केसांचे दोन मुख्य प्रकारचे काम चालते : एकात पेड विणले जातात, दुसऱ्यात केसांच्या बटांवर काळा दोरा घट्ट गुंडाळला जातो. दोरा गुंडाळल्याने बट ताठ उभी राहते. अशा बटा वर नेऊन एकमेकींत गुंफल्या म्हणजे मनोऱ्यासारखी रचना होते आणि तिला उंचपणाचा अर्थ असलेले 'गोगोरो' हे विशेषण लागते. येथे लांब केस खाली येत नाहीत, वर जातात. रचनांची नावेही पाहण्यासारखी आहेत. सर्व पेड शेंड्याकडे नेऊन बांधले की 'शुकु', म्हणजे टोपली. दोन्ही बाजूंचे पेड मध्ये येऊन मिळाले की 'पातेवो', म्हणजे टाळी. मानेपासून पुढे विणत नेले की 'इपाको एलेदे', म्हणजे डुकराची मान. खोपा म्हणणाऱ्या मराठी भाषकाला टोपली म्हणणारी योरुबा भाषा समजावयास अवघड जाऊ नये.

नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे (१९३०–२०१४) यांनी १९६८ पासून या रचनांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला आणि पुढील दशकांत त्यांची संख्या हजाराच्या घरात गेली. बहुतेक चित्रांत स्त्री पाठमोरी आहे. चेहरा दिसत नाही म्हणून ती व्यक्ती राहत नाही, अशी टीका या चित्रांवर करता येईल. परंतु पाठमोरेपणामुळेच केस मुखाची शोभा वाढविणारे अलंकार न राहता स्वतःच पाहावयाची वस्तू बनतात, हेही खरे आहे. नायजेरिया १९६० साली स्वतंत्र झाला, त्यानंतरच्या वर्षांत लागोस शहरात नवे पूल व नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि केशरचनांनाही त्यांची नावे मिळू लागली. 'एको ब्रिज' या पुलाच्या नावाची रचना प्रसिद्ध आहे. नवे राष्ट्र आपल्या डोक्यावर बांधून मिरविण्याचा हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकाने शब्दांइतकाच गंभीरपणे घ्यावयास हवा.

३

तथापि 'आफ्रिकी केस वाढतच नाहीत' ही समजूत फार जुनी आहे. आफ्रिकेत आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांतही ती इतकी रुजली की ज्यांच्याविषयी ती होती त्यांनीच ती मान्य केली. समजुतीचे कारण साधे आहे. या केसाचा छेद गोल नसून चपटा असतो आणि तो मळसूत्रासारखा वळत वाढतो. वर वीतभर दिसणारा केस ताणला तर दोन-तीन विती भरू शकतो. टाळूचे तेल वळणावळणांतून टोकापर्यंत उतरत नाही. त्यामुळे केस कोरडा पडतो आणि नेमका वळणावर तुटतो. वाढ आणि तूट बरोबरीने चालली तर केस वाढत नाही असे वाटणारच. म्हणजे लांब केस मिळविणे ही मुळात वाढविण्याची नव्हे, जपण्याची विद्या आहे.

चाड देशातील बसारा स्त्रियांच्या 'शेबे' या चूर्णाची कीर्ती अलीकडे जगभर पसरली आहे. क्रोटन जातीच्या झुडपाचे बी भाजून कुटतात. त्यात महलब या रानटी चेरीच्या बियांतील मगज, लवंग, डिंकासारखा एक सुगंधी पदार्थ इत्यादी मिसळतात. हे मिश्रण तेलात किंवा चरबीत कालवून केसांच्या लांबीला लावतात, टाळूला नाही. मग वेण्या घालतात आणि काही दिवसांनी पुन्हा तेच करतात. बाजारात हे चूर्ण 'केस वाढविणारे' म्हणून विकले जाते. ज्यांनी ते पिढ्यान्पिढ्या वापरले त्यांचा व्यवहार मात्र निराळे सांगतो : टाळूवर न लावलेली वस्तू वाढीसाठी नसतेच, ती तुटू न देण्यासाठी असते. नामिबियाच्या कुनेने भागातील हिंबा स्त्रिया लोणी आणि तांबडी गेरूसारखी माती यांचे 'ओट्जिझे' नावाचे लेपन केसांना व अंगाला करतात, ते पर्यटकांच्या छायाचित्रांमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

अधिक लिहावयास हवे ते त्यांच्याच देशातील, उत्तरेकडील म्बलंतू स्त्रियांविषयी. हे लोक ओवांबो समूहातील. उटापी गावाच्या परिसरात त्यांची वस्ती. त्यांच्या प्रथेप्रमाणे मुलगी साधारण बारा वर्षांची झाली की तिच्या केसांवर ओमुत्यूला या बाभळीच्या जातीच्या झाडाच्या सालीची वस्त्रगाळ पूड व चरबी यांचा जाड थर बसविला जाई. तो थर वर्षानुवर्षे राही आणि त्याच्या आश्रयाने केस न तुटता वाढत. काही वर्षांनी थर सैल करून केस मोकळे दिसू दिले जात आणि त्यांच्या टोकांना रानबोरासारख्या फळांच्या बिया स्नायुतंतूंनी बांधल्या जात. सोळाव्या वर्षाच्या सुमारास बियांच्या जागी स्नायुतंतूंचे लांब पेड जोडले जात. हे पेड जमिनीपर्यंत येत. पुढे 'ओहांगो' हा विधी होई, मुलगी स्त्री ठरे, आणि त्या 'एंबुवी' वेण्यांची डोक्यावर नवी मांडणी केली जाई. त्यांचे ओझे इतके होई की भार विभागला जावा म्हणून कधी कधी वेण्यांची वरची टोके कपाळाभोवतीच्या दोरीला किंवा चामड्याच्या पट्ट्याला बांधावी लागत.

या वेण्यांच्या छायाचित्रांवर आज दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक अचंब्याची : आफ्रिकी स्त्रीचे केस जमिनीपर्यंत! दुसरी शंकेची : त्यात जोडलेले तंतू आहेत, तेव्हा ते 'खरे' केस नव्हेत. दोन्ही प्रतिक्रिया एकाच मापातून निघतात. मराठी वाचकाने येथे 'गंगावन' हा आपलाच शब्द आठवावा. वेणी लांब व भरघोस दिसावी म्हणून तिच्यात परके केस गुंफण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि गंगावन लावलेली नवरी खोटी नवरी आहे असे कोणी म्हटले नाही. वाढविलेले आणि जोडलेले यांतील सीमा जितकी कठोर समजली जाते तितकी ती कोणत्याही समाजाच्या व्यवहारात नसते. म्बलंतू स्त्रीच्या वेणीत तिची चार-पाच वर्षे आहेत, झाडाची साल आहे, जनावराचे स्नायू आहेत आणि ते सारे एकत्र बसविणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांचे हात आहेत. त्या सर्वांची मिळून ती लांबी आहे.

फिनलंडहून आलेल्या लूथरपंथीय धर्मप्रसारकांनी १८७० साली ओवांबो प्रदेशात पाऊल ठेवले. मुलींच्या दीक्षाविधींना त्यांचा विरोध होता, आणि विधी क्षीण झाले तशी त्यांच्याशी बांधलेली केशरचनाही मागे पडली. परंतु केवळ मिशनकडे बोट दाखवून भागणार नाही. बारा हे वय पुन्हा एकदा पाहावे. घाना, युगांडा, केनिया अशा अनेक देशांतील कितीतरी शाळांनी मुलींचे केस अगदी आखूड कापलेले असावेत असा नियम दीर्घकाळ पाळला. शिस्त, स्वच्छता, अभ्यासात लक्ष, अशी कारणे देण्यात येतात. म्हणजे ज्या वयात म्बलंतू मुलीच्या डोक्यावर पहिला लेप बसे, त्याच वयात इतरत्र मुलीच्या डोक्यावर कात्री चाले. केस जपण्याची विद्या आईकडून लेकीकडे जाण्याचा काळ हाच. तो काळ शाळेने घेतला. पुढे त्या मुलीला आपले केस हाताळता येत नाहीत, ते तुटतात, आणि 'आमचे केस वाढतच नाहीत' या वाक्यावर तिचा विश्वास बसतो.

दक्षिण आफ्रिकेत तर केसांना कायद्याचे रूप आले. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याखाली माणसांची वर्णवार विभागणी करताना संशयित व्यक्तीच्या केसांत पेन्सिल खोचून ती खाली पडते की अडकते, हे पाहिले जाई. हा कायदा १९९१ साली रद्द झाला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, प्रिटोरियातील मुलींच्या एका शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी आपल्या नैसर्गिक केसांवरील बंधनांविरुद्ध निदर्शने केली तेव्हा पेन्सिल अजून पुरती खाली पडलेली नाही, हे दिसून आले.

४

आता पुन्हा साहित्याकडे. घानाच्या लेखिका आमा आता आयडू (१९४२–२०२३) यांच्या 'नो स्वीटनेस हिअर' (१९७०) या संग्रहातील 'एव्हरीथिंग काउन्ट्स' ही कथा कृत्रिम केसांच्या टोपाविषयी आहे. परदेशात शिकत असताना सहाध्यायी तरुण टोप घालणाऱ्या आफ्रिकी मुलींवर टीका करीत, तेव्हा नायिका सिस्सी हिला तो विषय क्षुल्लक वाटत असे; देशापुढे अर्थकारणाचे एवढे प्रश्न असताना केसांवर क्रांती कसली? अध्यापिका म्हणून मायदेशी परतल्यावर जिकडेतिकडे तिला टोपच दिसतात, आणि सौंदर्यस्पर्धेचा मुकुट गोरेपणाकडे झुकणाऱ्या मिश्रवंशीय मुलीला मिळतो. कथेचे शीर्षक तेथे आपला अर्थ उघड करते. आयडू यांची मार्मिकता अशी की टीकाकार तरुणांना त्या निर्दोष ठरवीत नाहीत. स्त्रीच्या डोक्यावरून राष्ट्राची परीक्षा घेणे पुरुषांना स्वस्त पडते, हेही कथेत सूचित आहे.

या टोपांचा आणि पुढे आलेल्या जोडकेसांचा एक धागा भारतापर्यंत येतो, ही गोष्ट आपल्याकडील चर्चेत क्वचितच येते. तिरुमलाच्या देवस्थानात भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो. दक्षिणेतील इतर देवळांतूनही केस व्यापारात येतात. प्रक्रिया होऊन ते परदेशी जातात आणि लागोस, जोहान्सबर्ग यांसारख्या शहरांतील दुकानांत 'इंडियन हेअर' या नावाने चढ्या भावाने विकले जातात. लाविनोने जिला घोड्याची शेपटी म्हटले तीच आता क्लेमेंटाइनच्या नातींच्या डोक्यावर मानाने बसली आहे! एका स्त्रीने नवस फेडताना सोडलेला केस दुसरीच्या सौंदर्याचे परिमाण व्हावा, या व्यवहारात दोघींपैकी कोणालाच दुसरीचे नाव ठाऊक नसते.

चिमामांडा न्गोझी अडिची यांची 'अमेरिकाना' (२०१३) ही कादंबरी या विषयावर सर्वाधिक वाचली गेलेली कृती आहे. तिच्यातील नायिका इफेमेलू हिने अमेरिकेत रासायनिक द्रव्याने केस सरळ करून घेणे, त्याने टाळू भाजणे, केस झडू लागणे, मैत्रिणीने ते कापून टाकणे, आणि हळूहळू स्वतःच्या केसांवर प्रेम जडणे, या प्रवासाची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने दुर्लक्षित राहिला तो कादंबरीच्या आरंभीचा आईच्या केसांचा प्रसंग. इफेमेलूच्या आईचे केस काळेभोर आणि इतके दाट की केशकर्तनालयात ते सरळ करण्यासाठी दोन डबे द्रव्य लागे. ते पाठीवर उतरले म्हणजे पाहणारे थांबून विचारीत. वडील त्यांना वैभवाचा मुकुट म्हणत. मग एके दिवशी, इफेमेलू दहा वर्षांची असताना, आई नव्या धर्मपंथाच्या आवेशात ते सारे केस कापते आणि आपल्या कॅथलिक धर्मवस्तूंबरोबर जाळून टाकते.

या केसांत दोन मापे एकत्र आली आहेत. दाटपणा आईचा आहे, आपल्या मातीचा आहे; मेंदे स्त्रीनेही त्याला मान डोलावली असती. पाठीवरून खाली उतरणे मात्र डब्यातल्या द्रव्याचे आहे. समीक्षेने या केसांना एक तर 'गुलामीचे चिन्ह' म्हणावे किंवा 'आईचे हरवलेले सौंदर्य' म्हणावे, अशी निवड करणे अडिची टाळतात, आणि वाचकानेही ती टाळावी. मराठी वाचकापुढे येथे आणखी एक अडचण उभी राहते. कापलेल्या केसांची बाई म्हटले की त्याच्या मनात 'पण लक्षात कोण घेतो!' मधील यमूचे केशवपन जागे होते. तेथे केस नेणारा हात इतरांचा होता, सक्तीचा होता. इफेमेलूच्या आईने कात्री स्वतः चालविली. सक्ती येथेही आहे, पण ती बाहेरून हात धरणारी नाही. आतून बोलणारी आहे. दोन्ही प्रसंग एका नावाखाली आणले तर अडिचींच्या प्रसंगातील भय निसटून जाते.

या कादंबरीचा आकृतिबंधही वेणीवरच उभा आहे. प्रिन्स्टन येथे राहणारी इफेमेलू वेण्या घालून घेण्यासाठी ट्रेन्टनला जाते, कारण तिचे केस हाताळणारे कोणी प्रिन्स्टनमध्ये नाही. वेण्या घालणाऱ्या स्त्रिया माली आणि सेनेगलच्या आहेत. काम कित्येक तासांचे. आणि त्या तासांच्या अवकाशात कादंबरीचा बराचसा भूतकाळ उलगडला जातो. केस विणणाऱ्या आयशाशी इफेमेलूचे फारसे जमत नाही. मेंदे समाजात जो स्नेहाचा व्यवहार होता तो येथे पैशाचा व्यवहार झाला आहे. तरीही एकीचे डोके दुसरीच्या हातात आहे आणि तितका वेळ दोघींना एकमेकींचे ऐकावे लागते. मराठीत 'वेणी घालणे' आणि 'वेणी घालून देणे', 'घालून घेणे' असे तीन प्रयोग आहेत. कादंबरी मराठीत आणणाऱ्याला शेवटच्या दोहोंचा उपयोग सतत करावा लागेल, आणि इंग्रजीत जे संबंध वाक्याच्या मागे लपतात ते मराठीच्या क्रियापदातच उघडे पडतील. हा लाभ लहान नाही.

५

शब्दांच्या बाबतीत मराठीची वाट नेहमीच अशी सुकर असते असे मात्र नाही. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातील मुथोनी वा किरिमा यांचे उदाहरण घ्यावे. १९५० नंतरच्या दशकात माउ माउ लढवय्यांबरोबर त्या न्यांदारुआच्या रानात गेल्या, फील्ड मार्शल या पदाला पोहोचल्या, आणि १९६३ साली देश स्वतंत्र झाल्यावर बाहेर आल्या. रानात फणी नव्हती, तेल नव्हते. केस वळत गेले, एकमेकांत गुंतत गेले आणि त्यांचे दोर झाले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी ते कापले नाहीत. लढलेल्यांच्या वाट्याला स्वातंत्र्याचे फळ येईपर्यंत ते कापावयाचे नाहीत अशी त्यांची भूमिका सांगितली जाते. येथे लांबी सौंदर्यासाठी राखलेली नाही. ती मोजण्यासाठी राखलेली आहे : किती वर्षे झाली, याची ती वही आहे.

भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकाचे स्मरण येथे संस्कृत जाणणाऱ्याला होणे स्वाभाविक आहे. द्रौपदीचे मोकळे केस हेही न फिटलेल्या अपमानाचे मोजमाप आहे. पण साम्य तेवढ्यावर थांबते. द्रौपदीची प्रतिज्ञा भीमाने पुरी करावयाची असते; शत्रूच्या रक्ताने माखलेल्या हातांनी तो तिची वेणी बांधतो. मुथोनींसाठी कोणी भीम नव्हता. लढल्या त्या स्वतःच. आणि शत्रू निघून गेल्यावरही केस तसेच राहिले, कारण हिशेब आता शत्रूशी नव्हता, आपल्याच राज्यकर्त्यांशी होता.

त्यांच्या या केसांना मराठीत काय म्हणावे? 'जटा' म्हटले तर शंकर आणि तपस्वी येतात, वैराग्य येते. मुथोनी विरक्त नव्हत्या. 'जट' म्हटले तर महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमेवरील फार दुःखद वास्तव समोर येते. मुलीच्या केसांत जट आली म्हणजे यल्लम्मादेवीचे बोलावणे आले असे मानून तिला देवीला वाहण्याची प्रथा तेथे होती, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा कित्येक स्त्रियांच्या जटा समजूत घालून सोडविल्या. त्या स्त्रियांना जट कापणे म्हणजे मुक्ती. मुथोनींना ती राखणे म्हणजे स्वातंत्र्याचा आग्रह. एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर एकीवर अन्याय होतो. 'केसांचे दोर' असे साधे वर्णन करून पुढे जाणे त्यातल्या त्यात सुरक्षित; मग लाविनोचे घायपाताचे दोर आठवले तरी हरकत नाही.

ओकोट यांनी आपले काव्य प्रथम आचोलीत रचले, पण छापून आधी आला तो त्यांनीच केलेला इंग्रजी अवतार. आचोलीतील 'वेर पा लाविनो' १९६९ साली निघाले. पुढे ताबान लो लियोंग यांना मुळाशी अधिक चिकटून नवा अनुवाद करावासा वाटला, आणि तो २००१ साली 'द डिफेन्स ऑफ लाविनो' या नावाने प्रसिद्ध झाला. केसांच्या विभागात ही अडचण अधिक जाणवते. आचोली भाषेत केसांच्या अवस्थांना, रचनांना, तेलांना आपापली नावे आहेत. इंग्रजीत त्यांची वर्णने होतात. भारतीय भाषांत हे काव्य आणणाऱ्याने इंग्रजीवरून काम करताना 'लांब', 'मोकळे', 'रेशमी' ही विशेषणे हाताशी तयार असतात म्हणून वापरू नयेत. ती ज्या मापाची आहेत त्याच्याशीच लाविनोचे भांडण आहे.

एप्रिल २०२२ मध्ये न्येरी येथे मुथोनी वा किरिमा यांचे केस समारंभपूर्वक कापण्यात आले. त्या वेळी त्यांनी वयाची नव्वदी गाठली होती. कात्री चालविली ती न्गिना केन्याटा यांनी; पहिल्या राष्ट्राध्यक्षांची त्या पत्नी आणि त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांची आई. फळ खरोखर वाट्याला आले म्हणून केस उतरले, की वाट पाहण्याचे वय संपले म्हणून, याचा निर्णय त्या समारंभाच्या छायाचित्रांवरून होत नाही. मुथोनी सप्टेंबर २०२३ मध्ये निवर्तल्या.